मोआई चालत आले

हांगा रोआ, रापा नुई

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढाले पुतळे हलवले कुणी गं?" तेव्हा मी सान्तियागोतच होते, नीट सांगता आलं नाही. आज इथला चौथा दिवस. उद्या परतायचंय, म्हणून रात्रीच लिहायला बसले.

चिलीच्या किनाऱ्यापासून हे बेट साडेतीन हजार किलोमीटरच्याही पुढे आहे. विमानात पाच तास खाली नुसतं पाणी. १७२२ साली ईस्टरच्या रविवारी डच जहाजं इथे आली, म्हणून जगाला हे ईस्टर बेट. इथली माणसं रापा नुई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

रानो राराकूला दोनदा गेले. विझलेला ज्वालामुखी आहे तो, आणि जवळजवळ सगळे मोआई, म्हणजे हे पुतळे, याच्याच दगडातले. बेटावर नऊशेच्या वर आहेत, त्यातले चारशेच्या आसपास अजून खाणीतच. फोटोत आपल्याला नुसती डोकी दिसतात ना, त्यांना खाली अख्खं धड आहे, पोटाशी धरलेले हात आहेत. उतारावरची माती शेकडो वर्षं घसरत आली आणि ते गळ्यापर्यंत बुजले. एक तर २१ मीटर लांबीचा, पाठीनं अजून डोंगराला चिकटलेला. त्याच्या कुशीला टोकीचे घाव स्वच्छ दिसतात. टोकी म्हणजे काळ्या दगडाची छिन्नी. लोखंड नव्हतंच इथे.

आईला एक मुद्दाम सांगा. खाणीतल्या मोआईंना नाक, ओठ, लांब कान सगळं आहे, पण डोळ्यांच्या खाचा नाहीत. पुतळा गावाजवळच्या चौथऱ्यावर, म्हणजे आहूवर, उभा राहिला की मगच खाचा कोरायच्या आणि पांढऱ्या पोवळ्याचे डोळे बसवायचे. तेव्हा तो पूर्वज जागा झाला, गावाकडे बघायला लागला. बहुतेक सगळ्यांची पाठ समुद्राकडे आहे ती म्हणूनच. आपल्या देवीला चांदीचे डोळे बसवताना आई कशी श्वास रोखून उभी असते, ते आठवलं मला.

आता तुमचा प्रश्न. इथले म्हातारे पिढ्यान् पिढ्या एकच सांगत आले: मोआई चालत गेले. बाहेरच्यांनी ती भाकडकथा ठरवली. मग कुणी ओंडक्यांवरून ओढले म्हणालं, कुणी थेट परग्रहावरची माणसं आणली. टेरी हंट आणि कार्ल लिपो या अभ्यासकांनी मात्र वाटेत पडून राहिलेले पुतळे नीट पाहिले. त्यांचा तळ सपाट नाही, पुढे कललेला आहे. त्यांनी हवाईत सव्वाचार टनांहून जड नक्कल केली, तिला तीन दोर बांधले, आणि अठरा माणसांनी ती उभीच्या उभी चाळीस मिनिटांत शंभर मीटर नेली. डावीकडचे ओढतात, मग उजवीकडचे, मागचे तोल धरतात. सगळ्यांनाच हे मान्य नाही, पण मला पटलं.

बाबा, जुन्या वाड्यातून निघताना तुम्ही आणि काकांनी लोखंडी कपाट असंच आणलं होतंत. एकदा हा पाय, एकदा तो पाय, अंगणभर. मी चावी धरून पुढे उलटी चालत होते. त्या वाटेवर पडलेल्या मोआईजवळ उभी होते तेव्हा त्या कपाटाचा फरशीवरचा आवाजच कानात आला.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. १८६२-६३ मध्ये पेरू देशातून गुलाम पकडणारे आले आणि हजाराहून जास्त माणसं नेली. थोडी परत आली ती देवीची साथ घेऊन. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसं उरली होती. ज्यांना विचारायचं तीच नाहीशी केली, आणि वर म्हणायचं, काय हे गूढ! आमच्या गाइड बाई त्या १११ जणांच्याच वंशातल्या. पुतळ्यांना त्या 'आमचे आजे' म्हणतात, जवळ जाताना आवाज खाली आणतात.

आज पहाटे तोंगारिकीला गेले होते. पंधरा मोआई एका ओळीत, मागून सूर्य. १९६० च्या त्सुनामीत ते सगळे बेटाच्या आतल्या बाजूला फेकले गेले होते. नव्वदच्या दशकात जपानी क्रेन आणून परत उभे केले. फोटो पाठवलेत. डावीकडून मोजत या, एकाच्याच डोक्यावर लाल दगडाचा मुकुट दिसेल.

काकांना विचारून ठेवा, त्या दिवशी कपाटाला दोर बांधला होता की नुसत्या हातांनीच? मी सान्तियागोला पोचले की फोन करते.

तुमची,
सुमा