कोर्टाबाहेरच्या टायपिस्ट काकांना

काका, नमस्कार.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरनी वाचायला बंदी घातलीय हे माहितीये, म्हणून हे पत्र नातीच्या मोबाईलवर पाठवलंय, तिला सांगा मोठ्यानं वाचून दाखव. आणि सगळ्यांसाठी पण टाकतेय, कारण सोलापूरच्या कोर्टाबाहेर तुमच्या त्या टेबलापाशी उभं राहून शिकलेली मी एकटी नाही. तोंडावर मी कधी हे बोलू शकले नाही, तुम्ही बोलूच देत नाही, लगेच "चहा घे" म्हणता.

मी २०२२ ला एलएलबीला ॲडमिशन घेतलं. गावाकडून एसटीनं रोज येऊन जाऊन. शाळा मराठी, बीए मराठीतून, आणि इथं आल्यावर लायब्ररीतले सगळे बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्यांच्या मूळ मजकुराची पुस्तकं, इंग्रजीत, वर्गात सर दोन वाक्यं मराठीत बोलले की तिसरं लॅटिनमध्ये. पहिलं वर्ष मी पाठांतरावर काढलं. अर्थ कळायचा नाही पण कलमांचे नंबर पाठ होते. दुसऱ्या वर्षी कॉलेजनं सांगितलं की दोन खटले बघून डायरी लिहायची, एक दिवाणी एक फौजदारी, आणि तीन वर्षांत मिळून बारा आठवडे इंटर्नशिप. ती डायरी कशी लिहायची हे मात्र कुणीच सांगितलं नाही. मी कोर्टात गेले, बोर्ड बघितला, आर.सी.सी. एस.सी.सी. (फौजदारी केसचे प्रकार) करत नंबरच नंबर, आत गेले तर पुकारा झाला, वकील उभे राहिले, काहीतरी बोलले आणि पुढची तारीख पडली, मिनिटभरात सगळं संपलं. अशा सात-आठ केस बघितल्या आणि बाहेर येऊन तुमच्या टेबलाच्या सावलीत कट्ट्यावर बसले. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "काय लिहायलीस?" मी म्हटलं काहीच नाही, काही कळंना. तेव्हा तुम्ही मशीन थांबवलंत.

काका, तेवढं मशीन थांबवणं म्हणजे काय हे मला नंतर कळलं. पानाला पैसे मिळतात तुम्हाला, मिनिटाला नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही मला चार वेळा, म्हणजे घड्याळातल्या वेळा, लिहून काढायला शिकवलंत. कुणाच्या तरी जुन्या चार्जशीटची झेरॉक्स होती, नावं खोडलेली, तुम्ही ती पुढ्यात टाकली आणि म्हणालात कलमं नंतर बघ, आधी वेळा बघ. घटना किती वाजता. फिर्याद किती वाजता. पंचनामा कधी सुरू झाला कधी संपला. अटक किती वाजता. चारही एका कागदावर एकाखाली एक लिही आणि मग बघत बस. मी बघत बसले. दहा मिनिटांनी दिसलं की पंचनामा संपायच्या आधीच मुद्देमाल पोलीस ठाण्यात जमा झालाय. माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते. तुम्ही फक्त म्हणालात, "आता हे तुझ्या पुस्तकातल्या कुठल्या कलमात बसतं ते शोध." तिथून मला कायदा आवडायला लागला. अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, साठ किंवा नव्वद दिवसांत चार्जशीट आली नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं पण तुमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलनं केलेले साठाव्या आणि नव्वदाव्या दिवसाचे गोल बघितले तेव्हा ते डोक्यात बसलं. ते गोल तुम्ही कुणासाठी करायचा हे पण मी बघितलंय. ज्यांच्या वकिलांना आठवण करून द्यायला घरचं कुणी नाही त्यांच्यासाठी.

मग आला क्रिमिनॉलॉजीचा, म्हणजे गुन्हेगारीशास्त्राचा पेपर. तो मी ऑप्शनल घेतला कारण मैत्रिणी म्हणाल्या सोपा आहे, थिअरीच थिअरी, मार्क पडतात. आणि मी तुमच्या टेबलापाशी बसून मोठ्यानं वाचायचे कारण तसं वाचलं तरच माझ्या लक्षात राहतं. एके दिवशी लोम्ब्रोसो वाचत होते. इटलीचा डॉक्टर, कैद्यांच्या कवट्या मोजायचा, कपाळ कसं, जबडा कसा, कान कसे, आणि त्यावरून सांगायचा की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात. मी आपली वाचतेय आणि तुमचं टाईपिंग बंद झालेलं माझ्या लक्षातच आलं नाही. तुम्ही विचारलंत, "हे पुस्तक कधीचं?" मी म्हटलं १८७६. तुम्ही म्हणालात, "आमचा आजा सेटलमेंटात तारेच्या आत जन्मला. जन्मला तेव्हाच गुन्हेगार. ते ह्या साहेबाचं वाचून केलं का सरकारनं?"

मला तोवर माहितीच नव्हतं तुम्ही कुठले. तुमच्या समाजाचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण सोलापुरात सेटलमेंट म्हटलं की सगळ्यांना तो भाग माहितीये, आजही त्याच नावानं रिक्षा मिळते, आणि मी स्वतः रोज त्या नावाच्या पाटीवरून जात होते, हे नाव का पडलं हे एकदाही मनात आलं नाही. त्या दिवशी तुम्ही सांगितलंत. तारेचं कुंपण, दिवसातनं ठरलेल्या वेळी हजेरी, गावाला जायचं तर पास, मिलमध्ये कामाला जायचं आणि परत येऊन पुन्हा हजेरी, आणि रजिस्टरात नाव. चोरी केली म्हणून नाही हो, अमुक जमातीत जन्मला म्हणून.

त्या रात्री मी तारखा शोधल्या, कारण तुमचा प्रश्न खराखुरा होता आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. लोम्ब्रोसोचं पुस्तक १८७६ चं. म्हणजे कायदा पाच वर्षं आधी आला, "शास्त्र" नंतर. दुसऱ्या दिवशी येऊन मी तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही बराच वेळ गप्प होता, मग म्हणालात, "म्हणजे वाचून पण नाही केलं." बास, एवढंच. मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलंय. आमच्या पुस्तकात लोम्ब्रोसो एका धड्यात आहे, गुन्हेगार जमाती कायदा दुसऱ्या पुस्तकात इतिहास म्हणून चार ओळींत, आणि दोघांच्या तारखा शेजारी ठेवून बघावं असं आम्हाला कुणी सांगितलं नाही. ते काम तुमच्या एका प्रश्नानं केलं.

पुढे सदरलँड आला, गुन्हा हा संगतीतून शिकला जातो म्हणणारा. ते तुम्हाला पटलं पण अर्धंच. तुम्ही म्हणालात संगत लागायच्या आधीच रजिस्टरात नाव होतं त्यांचं काय? मग मी पुढचा धडा उघडला, हॉवर्ड बेकर, १९६३, समाज आधी शिक्का मारतो आणि मग माणूस त्या शिक्क्याप्रमाणे वागवला जातो असं त्याचं म्हणणं. तुम्ही हसलात. "हे अमेरिकेत कळायला १९६३ उजाडलं व्हय. आमच्या आजीला विचारलं असतं तर." परीक्षेत बेकरच्या ह्या शिक्क्याच्या, म्हणजे लेबलिंग थिअरीवर प्रश्न आला आणि मी गाईडमधलं शिकागोचं उदाहरण नाही लिहिलं, सोलापूर लिहिलं. १९५२ च्या ३१ ऑगस्टला देशभरातून गुन्हेगार जमाती कायदा गेला, माणसं विमुक्त झाली, पण त्यानंतर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या नजरेतला शिक्का राहिलाच, असं सगळं मराठीत चार पानं लिहिलं. त्या पेपरला मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क आहेत. ते अर्धे तुमचे आहेत.

एक प्रसंग मात्र सविस्तर लिहायचाच आहे, बाकी राहिलं तरी चालेल.

ती विडी वळणारी आजी आली होती आठवतंय, मराठी तोडकं-मोडकं, तुम्ही तिच्याशी तेलुगूत बोललात. मुलाला जामीन मंजूर झालेला, हातात ऑर्डरची नक्कल, आणि तरी पोरगा चाळीस दिवस आतच. कारण पंधरा हजाराचा जामीनदार लागत होता, ऐपतीचा दाखला असलेला, आणि तिच्याकडं सात-बाराही नाही आणि घरही भाड्याचं. कुणीतरी जामीनदार मिळवून देतो म्हणून तिच्याकडनं पैसे पण मागितले होते. मला वाटायचं जामीन मंजूर झाला की माणूस सुटतो. पुस्तकात तिथंच धडा संपतो ना.

तुम्ही तिला काहीही सल्ला दिला नाही. "मी वकील नाही बाई, मी टाईप करतो," असं म्हणालात आणि मला म्हणालात, तू शिकतेस ना, मग शोध. मी लायब्ररीत गेले आणि दोन दिवस शोधून सुप्रीम कोर्टाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश सापडला, की जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलच्या अधीक्षकानं गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनदार नाही मिळाला तर कोर्टानं आपणहून अटी शिथिल करायचा विचार करायचा. मी पळतच आले. तुम्ही आजीच्या नावानं प्राधिकरणाला अर्ज टाईप केलात, साधा मराठीत, एक पान, त्यात एकही जड शब्द नाही. मी "सबब विनंती की" घातलं होतं तेवढं ठेवलंत. मग लीगल एडच्या वकील मॅडमनी कोर्टात अर्ज दिला आणि पोरगा जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर सुटला.

आजीनं टाईपिंगचे वीस रुपये दिले आणि तुम्ही घेतलेत. मला तेव्हा राग आला होता काका, आज कबूल करते. ती गेल्यावर तुम्ही म्हणालात, "फुकट केलं असतं तर परत यायला लाजली असती. आता काम पडलं की ताठ मानेनं येईल." मी आता फी घेते तेव्हा प्रत्येक वेळी हे आठवतं. आणि नाही घेत तेव्हा जास्त आठवतं.

मग २०२४ चा १ जुलै. आमच्या बॅचचे तर हालच, आयपीसी (भारतीय दंड संहिता) शिकून बाहेर पडतोय तर आयपीसीच गेली, भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांच्या जागी ३५८. मुलं रडकुंडीला आली होती, कुणी म्हणत होतं वर्ष वाया गेलं. आणि तुम्ही साठी उलटलेला माणूस, आठवडाभर आधीच दोन रकान्यांचा तक्ता करून टेबलाच्या काचेखाली सरकवून मोकळे. डावीकडं जुनं, उजवीकडं नवीन. ३०२ चं १०३, ३०७ चं १०९, ४२० चं ३१८, ३७९ चं ३०३, आणि सहवाचन ३४ (अनेकांनी मिळून एकाच इराद्यानं केलेला गुन्हा) च्या जागी ३ चं पोटकलम ५, त्याला लाल पेननं खूण कारण ते सगळ्यात जास्त चुकतं. पंधरा-वीस वर्षं प्रॅक्टिस झालेले वकील तुमच्या काचेवर वाकून बघायचे. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला, आमच्या सगळ्या वर्गानं त्यावर अभ्यास केला. मुलांना माहिती पण नाही तो कुणी केला. आता कळू दे.

आणि तो ऑक्टोबर. घटस्थापनेच्या दिवशी, ३ तारखेला, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवरचा. जेलच्या नियमांमध्ये जातीवरून कामं वाटून दिलेली होती, झाडलोट कुणी करायची स्वयंपाक कुणी, आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणाऱ्या तरतुदी, ते सगळं कोर्टानं घटनाबाह्य ठरवलं. मी चार-पाच दिवसांनी प्रिंट घेऊन आले आणि जेवणाच्या सुट्टीत तुम्हाला मराठी करून सांगत होते, अडखळत. त्यात एक आदेश आहे की जेलमधल्या कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकायचा. तिथं तुम्ही भाकरी खाली ठेवलीत. "रकाना काढायला सांगितला? परत वाच." मी परत वाचलं. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात अजून एकदा. तिसऱ्यांदा वाचताना माझाच आवाज बसला. तुम्ही काही बोलला नाहीत, तो कागद मागून घेतलात, दाभणानं भोक पाडून लेस ओवलीत आणि ड्रॉवरमध्ये ठेवलात.

मला तेव्हा खूप बोलायचं होतं, सुचलं नाही. आज पण नीट सुचत नाहीये. आभार हा शब्द फार छोटा वाटतो पण दुसरा माझ्याकडं नाही, तर काका, मनापासून आभार. मशीन थांबवल्याबद्दल. त्या चार वेळांबद्दल. आजाची गोष्ट मला सांगितल्याबद्दल, जी तुम्ही कोर्टात तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती असं तुमची नात म्हणाली.

वकिलीची सनद मिळाली तेव्हा माझं पहिलं वकीलपत्र तुम्हीच टाईप केलंत आणि माझ्या नावाआधी ॲडव्होकेट लिहिताना स्पेलिंग तीनदा तपासलंत. ती केस अजून चालू आहे, मंगळवारी तारीख आहे, साक्षीदाराची उलटतपासणी माझ्याकडं आहे. चार वेळा लिहून काढल्यात. दोन जुळत नाहीत.

तुमचं टेबल मी रोज सकाळी पुसते, काचेखालचा तक्ता तसाच आहे, शेजारचे स्टॅम्पवाले मामा लक्ष ठेवून आहेत, कुणी जागा घेतलेली नाही. शुक्रवारी दवाखान्यात दाखवायला जायचंय असं नात म्हणाली. बसनं जाऊ नका, धूळ असते. मी दहाला गाडी घेऊन येते.

तुमची,
वकीलीणबाई (तुम्हीच ठेवलेलं नाव)