तपासणीचा दाखला होता, ब्रेक नव्हता

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या इमारतीत गेल्या महिन्यात माझ्या आईने तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरून दुसऱ्या मजल्याचे बटण दाबले. लिफ्ट तिथे थांबली नाही, वेग घेत थेट माथ्यापर्यंत गेली आणि अशी अडली की आई उसळून खाली आपटली. तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण सत्तरी ओलांडलेल्या आईला आजही कूस बदलण्यासाठी मला हाक मारावी लागते.

लिफ्ट वर कशी गेली, असे सगळेच विचारतात. केबिनच्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला लटकणारे वजन, म्हणजे काउंटरवेट, रिकाम्या केबिनपेक्षा बरेच जड असते, त्यामुळे आत एकटे माणूस असताना ब्रेक सुटला की केबिन वर ओढली जाते. मशीन रूममध्ये मी स्वतः पाहिले, ब्रेकचे लायनर, म्हणजे फिरता ड्रम आवळून थांबवणारे अस्तर, झिजून गुळगुळीत झाले होते आणि ड्रमवर तेल ओघळले होते. वेग हाताबाहेर गेल्यावर गाईड रेलला, म्हणजे केबिन ज्यांवरून सरकते त्या उभ्या रुळांना, आवळून धरणाऱ्या पाचरी आमच्या जुन्या लिफ्टमध्ये फक्त खाली येताना काम करतात. म्हणजे वर जाताना सारी भिस्त ब्रेकवर, आणि तोच कोणी तपासला नव्हता. केबिनमध्ये दाखला मात्र लावलेला होता.

सोसायटी देखभाल कंपनीकडे बोट दाखवते, कंपनी दाखल्याकडे, आणि दाखला देणारे म्हणतात की कागदपत्रे पूर्ण होती. साहेब, कागदपत्रांनी लिफ्ट थांबते का? लिफ्टसाठीचा 1939 चा कायदा मोडीत काढून राज्याने 2017 साली नवा कायदा केला, तो माणसे वाचवण्यासाठी की शुल्क गोळा करण्यासाठी? शहरात गंगापूर रोडपासून पाथर्डीपर्यंत टॉवर उठत आहेत, सिंहस्थासाठी निधीच्या घोषणा होत आहेत, परंतु परवानगी देणाऱ्या या व्यवस्थेत अपघातानंतर उत्तर देणारा एकही माणूस सापडत नाही, याची मला चीड येते.

प्रत्येक तपासणीत क्षमतेच्या सव्वापट भार ठेवून आणि रिकामी केबिन वर नेऊनही ब्रेकची चाचणी रहिवाशांसमोर व्हावी, तिचा निकाल केबिनमध्ये लावावा, आणि वर जाणारी बेभान केबिन रोखणारी यंत्रणा जुन्या लिफ्टमध्ये बसवण्यास मुदत घालून द्यावी. आमच्या लिफ्टला दाखला कोणत्या चाचणीवर दिला, याचे लेखी उत्तर मला हवे आहे.

आपला,
पाथर्डी फाटा येथील एक रहिवासी, नाशिक