मॅपवरची ३५ मिनिटं

प्रिय बाळा,

काल फोनवर तू एवढ्या उत्साहात सांगितलंस की बाबा ऑफिस काही लांब नाही, मॅपवर ३५ मिनिटंच दाखवतंय, स्कूटी घेते आणि जाते. मी हो हो म्हणालो, पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की काल रविवार होता आणि दुपारचे तीन वाजले होते. त्या वेळी रस्ता मोकळाच असणार गं. आता एक कर, त्याच मॅपमध्ये सोमवारी सकाळी साडेनऊला पोचायचंय असं टाकून बघ आणि मग संध्याकाळी साडेसहाला निघायचंय असं टाकून बघ. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असं दोन्ही दाखवेल, त्यातला मोठा आकडा तू धर, कारण लेट मार्क लागतो तो रस्ता तुंबलेल्या दिवशीच लागतो.

मी हा घोळ स्वतः केलाय म्हणून लिहितोय. तू लहान होतीस तेव्हा मी सात वर्षं बाईकने ये-जा केली, जाताना ५० मिनिटं, येताना कधी सव्वा तास कधी पावणेदोन. सकाळी काही वाटायचं नाही, फ्रेश असायचो. येताना मात्र हॉर्न, धूर, कुठूनही मधे घुसणाऱ्या गाड्या, क्लच दाबून दाबून डाव्या हाताला मुंग्या यायच्या. घराखाली पोचलो की गाडी लावायचो आणि वर न येता जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहायचो, हेल्मेट मांडीवर घेऊन, दहा-दहा मिनिटं. डोकं एवढं तापलेलं असायचं की तसंच घरात गेलो तर तुझ्यावर नाहीतर आईवर निघेल अशी भीती वाटायची. एकदा तू खाली आलीस, पाचेक वर्षांची असशील, बाजूला बसलीस आणि विचारलंस, बाबा तू इथे कोणाची वाट बघतोयस? मला उत्तर देता आलं नाही. तुला आठवत नसेल, मला अजून आठवतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत येताना माझा डोळा लागला. दिवसभर मीटिंगा, नऊ वाजून गेलेले, रस्ता सरळ आणि रिकामा, आणि बाईक दुभाजकाला घासली तेव्हा जाग आली. पडलो नाही हे नशीब. नंतर कागदावर हिशोब केला, ताशी ६० च्या स्पीडला सेकंदाला साधारण १७ मीटर गाडी पुढे जाते, म्हणजे तीन सेकंद डोळा मिटला तर ५० मीटर कोणीच चालवत नसलेली गाडी रस्त्यावरून धावते. हे मी आईला आजवर सांगितलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगतोय.

मग मी ट्रेन आणि चालणं यावर आलो. घड्याळात बघितलं तर जाताना वीस मिनिटं जास्तच जायची, सगळे म्हणायचे वेडा आहे. पण त्या सगळ्या प्रवासातली चाळीस मिनिटं मला काहीही सांभाळायचं नसायचं, उभा असलो तरी डोकं मोकळं असायचं. स्टेशनपासून ऑफिस १५ मिनिटं चालत, येताना परत १५, पाच दिवसांचे १५० मिनिटं झाले की नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला निदान तेवढं चालणं किंवा तसला व्यायाम हवा म्हणते. वेगळी जिम लावावी लागली नाही. आणि जिन्यात बसणं बंद झालं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

म्हणजे स्कूटी घेऊ नकोच असं नाही. घर ते स्टेशन स्कूटी, तिथे पार्किंगला लावायची आणि पुढे मेट्रो, हे मला छान वाटतं, फक्त सकाळी नऊला पार्किंगमध्ये जागा असते का ते आधी बघून ये. हेल्मेट दोन किलोमीटरला पण घालायचं आणि पट्टा लावून घालायचं. हेल्मेटमुळे जीव जायचा धोका साधारण ४२ टक्के आणि डोक्याला इजा व्हायचा ६९ टक्के कमी होतो, हे बऱ्याच अभ्यासांमधून निघालंय. केस खराब होतात हे कारण मी ऐकणार नाही.

बसचं म्हणशील तर एक सरळ जाणारी बस थोडी हळू असली तरी चालेल, पण दोन-तीन ठिकाणी बदलायला लागत असेल तर नीट विचार कर. दर १५ मिनिटांनी बस असली तर सरासरी सात-साडेसात मिनिटं थांबण्यातच जातात, तेही प्रत्येक वेळी, आणि पहिली चुकली की पुढचं सगळंच कोलमडतं.

आणि रूमचं. लांबची रूम स्वस्त आहे हे कळलं, पण तिथून रोज जाऊन येऊन अडीच तास म्हणजे महिन्याच्या २२ दिवसांचे ५५ तास होतात, पूर्ण दोन दिवस दोन रात्री आणि वर सात तास. भाड्यात वाचणाऱ्या पैशाला या ५५ तासांनी भागून बघ, तासाला किती पडतात ते बघ आणि मग ठरव. थोडं भाडं मी देईन, त्यात लाजू नकोस. शिवाय स्टेशनपासून रूमपर्यंतचा रस्ता रात्री दहाला कसा असतो, दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, हे दिवसा बघून कळत नाही, कोणालातरी सोबत घेऊन रात्रीच जाऊन बघ.

जॉइन व्हायला अजून आठ दिवस आहेत. मंगळवारी नाहीतर बुधवारी एकदा खरंच जाऊन ये, सकाळच्या गर्दीत, ऑफिसची बॅग आणि डबा घेऊन, रिकाम्या हाताने नको. आणि परत निघायचं ते साडेसहालाच, लवकर निघून फसवू नकोस. घरी पोचलीस की चप्पल काढायच्या आधी मला फोन कर, किती वाजले ते सांग. मला तुझा आवाज ऐकायचाय, कसा येतोय ते.

तुझा बाबा