मित्रास पत्र : कापलेल्या स्टॅम्पविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे. खोकी उचलून पाठ धरते, एवढेच. मागच्या कॉमिक्स कन्व्हेन्शनमध्ये जे घडले, ते ज्याने कधी टेबल मांडले नाही त्याला समजणार नाही, म्हणून तुलाच लिहितो.

दारे उघडण्यापूर्वी, डीलर मंडळी एकमेकांची खोकी चाळत असताना, एक बाई आपल्या दिवंगत भावाची कॉमिक्स विकायला आल्या. त्यांत ‘इन्क्रेडिबल हल्क’चा १८१ वा अंक होता, नोव्हेंबर १९७४ चा, वुल्व्हरिनची पहिली पूर्ण भूमिका असलेला. कणा सरळ, रंग ताजे, पिनांना गंज नाही. तुझ्या शिस्तीप्रमाणे मी आधी वाचकांच्या पत्रांचे पान उघडले, तर तिथे चौकोनी भोक. त्या पानावर छापलेला ‘मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प’, म्हणजे तिकिटाएवढे चित्र, कापून घेतला होता. प्रकाशक मार्व्हलनेच त्या काळी वाचकांना हे स्टॅम्प कापून पुस्तिकेत चिकटवायला सांगितले होते, तेव्हा त्या मुलाने काहीच वावगे केले नव्हते. पण अशा अंकाची किंमत कोसळते. बाईंना पान दाखवून मी हे समजावले आणि कापलेल्या अंकाचा भाव सांगितला. मग त्यांनी पिशवीतून ती पुस्तिकाच काढली. कडा जुळवून पाहिल्या; स्टॅम्प त्याच अंकाचा होता.

शेजारच्या टेबलवाल्याने माझ्याहून चढा भाव देऊन अंक आणि पुस्तिका दोन्ही घेतले. बाईंना चार पैसे जास्त मिळाले, याचा मला आनंदच आहे. मात्र आवराआवर करताना तो म्हणाला, “स्टॅम्प सोडवून परत जागेवर बसवतो. त्याचाच त्याला दिला, यात खोटे काय?” मी म्हटले, सांगून विकलास तर काहीच नाही. तो नुसता हसला.

तेव्हापासून मला चैन नाही. अंक सीजीसीकडे, म्हणजे कॉमिक्सची अवस्था तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे, ग्रेडिंगला गेला, तर ती जोड सापडण्याची आणि लेबलवर नोंदली जाण्याची शक्यता पुष्कळ. म्हणूनच तो स्लॅबशिवाय, म्हणजे कंपनीच्या सीलबंद प्लास्टिक पेटीशिवाय, नुसत्या पिशवी-पुठ्ठ्यात विकला जाईल, असे मला वाटते. वेगळ्या कागदाला चिकटून राहिलेल्या न्यूजप्रिंटचा पिवळेपणा निराळा असतो आणि डिंक अतिनील दिव्याखाली बहुधा दिसतो. पण नव्या ग्राहकाच्या खिशात दिवा नसतो. तो शेजारच्या टेबलाशी, म्हणजे माझ्याशी येऊन विचारणार, “अंक पूर्ण आहे ना?”

दुसऱ्याच्या टेबलावरच्या मालाबद्दल बोलायचे नाही, हा तुझा नियम. कडा छाटलेल्या त्या अंकावरून आपण दोघे भांडलो होतो, तेव्हा नानांनी दोघांनाही एकाच खोक्यावर बसवून जेवायला लावले होते. अजून आठवले की हसू येते. तरीही तेव्हा मला पटले नव्हते आणि आता तर मुळीच पटत नाही. ज्याला दोष ठाऊक आहे आणि ज्याला थेट विचारले गेले आहे, त्याचे मौन हे त्या विक्रीतले भागीदारपणच नव्हे काय? विचारले, तर मी सांगणार. पण न विचारता, पैसे मोजणाऱ्या माणसाला आपण होऊन थांबवावे काय, इथे मी अडलो आहे. तू शेजारधर्म म्हणशील. पण ग्राहकही आपल्याच विश्वासावर येतो ना?

नव्या घराचे रंगकाम संपले असेल. मुलीच्या परीक्षेचे कळव, वहिनींना नमस्कार सांग. पुढच्या कन्व्हेन्शनला त्याचे टेबल पुन्हा माझ्या शेजारीच आहे. त्याआधी तुझे मत सविस्तर लिही.

तुझा,
बापू