रविवारची रात्र, सोमवारची तारीख

प्रिय दोस्ता,

तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी एकही उलट केला नाही. रागावला असशील तर रास्तच आहे. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच. पण काल संध्याकाळी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळायचं नाही, म्हणून लिहायला बसलो.

ताईची धाकटी फुटबॉलवेडी झाली आहे. २०२६च्या विश्वचषकाचे सगळे सामने आपल्या वेळेत लिहून दे म्हणून तिनं हट्ट धरला. ४८ संघ, १६ शहरं, १०४ सामने. चार रात्री बसून तक्ता केला. शेवटची ओळ लिहिली : ‘अंतिम सामना, सोमवार २० जुलै, रात्री १२:३०.’ काल तिनं ती वाचली आणि खुशीत म्हणाली, “मग रविवारी रात्री मी लवकर झोपते. झोप साठवून ठेवते.”

माझ्या अंगावर काटा आला. शब्दसुद्धा तुझेच रे. झोप साठवून ठेवणं.

२०१४च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आठवला ना? रिओत १३ जुलै, रविवार, दुपारचे चार. आपल्याकडे साडेबारा, तारीख उलटलेली. मी तुला लिहून दिलं होतं ‘१४ जुलै, रात्री १२:३०’. तू रविवारी शहाण्या मुलासारखा नऊला झोपलास. सोमवारी सकाळी मी फोन केला, जर्मनीच्या ग्योट्झेनं ११३व्या मिनिटाला घातलेल्या गोलाबद्दल बोलायला, आणि तू म्हणालास, “सामना तर आज रात्री आहे ना?” मेस्सीसाठी महिनाभर जागलेला तू, आणि नेमका तोच सामना झोपेत गेला.

मी तेव्हा म्हणालो, तारीख बरोबर होती. नंतर दर वेळी तेच म्हणत आलो. तारीख बरोबर होतीच, पण चूक माझी होती. काल त्या पोरीचा चेहरा बघताना हे कळलं. आपण ‘सोमवारी रात्री’ म्हणतो तेव्हा सोमवारचा दिवस मावळल्यानंतरची रात्र आपल्या मनात असते. पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. मग रात्री साडेबाराला सोमवार लागला हे कुठल्या मनाला पटणार? आणि एक गोष्ट काल प्रथमच ध्यानात आली. तुझ्या २०१४च्या तक्त्यात जर्मनीनं ब्राझीलला ७-१ हरवलं तो सामना मी ‘९ जुलै, पहाटे १:३०’ असा लिहिला होता. तो तू बरोबर पाहिलास! एका ‘पहाटे’नं तुला सांभाळलं, एका ‘रात्री’नं बुडवलं.

आता सगळा तक्ता पुन्हा लिहायला घेतला आहे. तासांचा हिशेब अवघड नाही. आधी जागतिक प्रमाणवेळ काढायची, मग साडेपाच तास मिळवायचे. उन्हाळ्यात न्यूयॉर्कपेक्षा आपण साडेनऊ तास पुढे, डॅलसपेक्षा साडेदहा, लॉस एंजेलिसपेक्षा साडेबारा. मेक्सिको सिटीपाशी थांबून विचार करावा लागतो. तिथे २०२२ साली घड्याळं पुढे-मागे करणं बंद झालं, त्यामुळे जुन्या वहीतला साडेदहाचा आकडा आता चालत नाही, साडेअकरा धरावे लागतात. म्हणून ११ जूनला दुपारी एकला तिथे होणारा पहिला सामना आणि १९ जुलैला दुपारी तीनला न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीत होणारा शेवटचा, दोन्ही आपल्याकडे बरोबर साडेबारालाच. लॉस एंजेलिसला संध्याकाळी सहाला चेंडू हलला की आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ, साडेसहा. त्या सामन्यांची मला चिंता नाही. सकाळ म्हटलं की माणूस चुकत नाही.

तुझी घड्याळ उलटं धरायची युक्तीही तिला दाखवली. आपलं काट्यांचं घड्याळ डोक्यावर उभं केलं की लंडनची वेळ दिसते! पोरगी हरखली. मग सांगितलं की ही युक्ती फक्त हिवाळ्यात खरी. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, आणि तोवर फरक साडेचारचाच. तुझ्या या युक्तीपायी विम्बल्डनच्या अंतिम सामन्याचा पहिला सेट बुडाला होता, त्यावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो. तुझ्यावरचा राग मी आज मागे घेतो. फेडररवरचा नाही.

तक्त्यात आता वाराचे दोन रकाने केले आहेत : कुठल्या दिवशी जेवून जागायचं, आणि घड्याळात कुठली तारीख असेल. ‘रात्री १२:३०’ कुठेही ठेवलं नाही, ‘रविवार मावळल्यावर येणारी मध्यरात्र’ असं लांबलचक लिहिलं आहे. तरी धास्ती जात नाही. १०४ ओळींत एक जरी चुकली तरी कुणाचा तरी सामना जातो, आणि तो परत मिळत नाही. नंतर चित्रफीत बघणं वेगळं, हे तुझ्याहून कुणाला ठाऊक? म्हणून तक्ता सोबत पाठवतो आहे. लाल शाईनं तपास. तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय तो मी तिला देणार नाही.

नव्या घराचं काम कुठवर आलं? वहिनींना नमस्कार. मुलाच्या निकालाचं ताईकडून कळलं, फार आनंद झाला, त्याला स्वतंत्र लिहीन. सरांकडे तू जाऊन आलास हे बरं केलंस.

आणि हे बघ, अंतिम सामना माझ्याकडे. १९ जुलैला, रविवारी, संध्याकाळीच ये. दुपारी झोप काढून ये.

तुझाच,
वहीवाला