केशरोपण : जाहिरातीत नसलेले मधले महिने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की राजारामपुरीतल्या फलकांपासून रिक्षांच्या पाठीपर्यंत आणि आपल्या अंकातही केशरोपणाच्या जाहिराती वाढू लागतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे त्यांत शेजारी शेजारी असतात. त्या दोहोंमध्ये जवळपास एक वर्ष गेलेले असते, हे मात्र कुठे छापलेले नसते. गेल्या पावसाळ्यात, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मी स्वतः हे करून घेतले. केंद्राचे नाव घेण्याचे कारण नाही; शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. तक्रार आहे ती न सांगितलेल्या गोष्टींची.

समुपदेशक तासभर बोलले, पण त्यात हप्त्यांची सोयच जास्त होती. ‘पाच हजार केस’ म्हणजे पाच हजार ग्राफ्ट नव्हेत, कारण एका ग्राफ्टमध्ये, म्हणजे मुळासकट काढलेल्या एका पुंजक्यात, एक ते चार केस असतात, हे मला बिल हाती आल्यावर समजले. केवळ दिसण्यासाठी केलेले केशरोपण करमुक्त आरोग्यसेवेत बसत नसल्याने त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, हेही तेव्हाच.

प्रत्यक्ष दिवसाचा त्रास त्या मानाने कमी. भुलीची पहिली आठ-दहा इंजेक्शने टोचताना डोळ्यांत पाणी आले, पुढे फारसे काही जाणवले नाही. डोक्याच्या मागील भागातून मिलिमीटरभर रुंदीच्या पोकळ सुईसारख्या पंचने केसांचे एकेक पुंजके मुळासकट काढतात, थंड सलाइनमध्ये ठेवतात आणि पुढच्या भागात बारीक छेद घेऊन बसवतात. मागचे केस टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाला सहसा दाद देत नाहीत आणि जागा बदलली तरी तो गुण सोडत नाहीत, न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये हे मांडले आणि आजही सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. मात्र मागून उपटलेले मूळ तिथे पुन्हा उगवत नाही, त्यामुळे हा साठा मोजकाच असतो आणि पंचविशीतच तो सगळा वापरून टाकणाऱ्यांनी पुढचा विचार केलेला बरा. सकाळी आठला बसलो, संध्याकाळी साडेचारला उठलो.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. चौथ्या दिवशी सकाळी कपाळावरची सूज पापण्यांपर्यंत उतरली आणि आईने विचारले, “गांधीलमाशी चावली काय रं?” ही सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास अनेकांना येते आणि आपोआप ओसरते, हे एका वाक्यात आधी सांगितले असते तर त्या दिवशी मी घाबरून डॉक्टरांना चार फोन केले नसते. पहिला आठवडा डोके उंच ठेवून, उताणे झोपावे लागते. खपल्या आठ-दहा दिवसांत, हलक्या हाताने धुताना निघतात. नखाने काढल्या तर ग्राफ्टही हाती येण्याची भीती असते. टाळूवर ऊन लागू द्यायचे नाही, घाम येईल असे काम नाही. तालमीत जाणाऱ्यांनी महिनाभर तरी आखाड्याचे नाव काढू नये. डोक्यावर गुलाल झेलायचा नसल्याने मी जोतिबाला जाणेही पुढे ढकलले.

यानंतरचे कोणीच बोलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून लावलेले केस गळू लागले. उशीवर, टॉवेलवर, कंगव्यात केसच केस. पैसे पाण्यात गेले असे वाटून मी दोन रात्री झोपलो नाही. केस गळतो पण मूळ आत शाबूत राहते, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तिथून विरळ, बारीक केस येऊ लागतात, सहा ते नऊ महिन्यांत फरक दिसतो आणि पूर्ण रूप यायला वर्ष ते दीड वर्ष लागते, हे मला नंतर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी समजावले. शिवाय आजूबाजूचे मूळचे केस गळणे थांबत नाही. त्यासाठी मिनॉक्सिडिलसारखे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावे लागते.

हे पत्र लिहिण्याचे निमित्त शेजारच्या मुलाचे. डिसेंबरमधील लग्नासाठी त्याने ऑक्टोबर अखेरची तारीख घेतली होती, म्हणजे केस गळण्याच्या ऐन दिवसांत हा बोहल्यावर उभा राहणार आणि नाजूक टाळूवर फेटा आवळला जाणार. त्याने तारीख आता लग्नानंतरची घेतली आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपणाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि केवळ कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा पंच कोण चालवणार, त्या डॉक्टरांची नोंदणी कोणती, हे विचारण्यास संकोच करू नये. शहरातील केंद्रांना माझी विनंती इतकीच की, संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी पहिल्या दिवसापासून बाराव्या महिन्यापर्यंत काय काय होते याचा एक कागद मराठीत द्यावा. आणि आपण जाहिरात छापताना दोन्ही छायाचित्रांखाली मधले महिने किती, एवढा आकडा छापण्याचा आग्रह धरावा.

आपला,
एक वाचक
शाहूपुरी, कोल्हापूर