‘तूच बोल, मी बाजूला बसलोय’

ताई-दादांनो, सप्रेम नमस्कार.

फोनवर दोन ओळींत आभार मानून मोकळं होता आलं असतं. पण घर सोडून आलेल्या पोरांना भाड्याची खोली मिळवायला तुम्ही मदत करता, आणि ती नेमकी कशी करता ते बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

घराबाहेर पडलेल्या पोरापुढे पहिला पेच हाच असतो. खोली हवी तर पगाराची स्लिप दाखवा, नोकरी हवी तर पत्त्याचा पुरावा आणा. वर जामीन राहायला कुणीतरी मोठं माणूस हवं. घरच्यांशी फाटल्यावर ते आणायचं कुठून?

तुमच्याकडे आलो तेव्हा फॉर्म पुढे सरकवायच्या आधी तुम्ही विचारलंत, ‘आज रात्री झोपायची सोय आहे ना?’ घर का सोडलं, हे मात्र कुणीच विचारलं नाही. त्याबद्दल वेगळे आभार.

मग ती मला पसंत पडलेली खोली. ‘घेऊ नकोस’ असं तुम्ही म्हणाला नाहीत. करारनामा तेवढा मोठ्याने वाचायला लावलात. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं, सहा महिन्यांच्या आत खोली सोडली तर डिपॉझिट परत मिळणार नाही. माझी नोकरीच तीन महिन्यांच्या बोलीवर! ताईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि गप्प बसल्या. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता, हेही सांगून टाकतो.

पुढच्या खोलीच्या वेळी दादांनी मालकांना फोन लावला आणि सरळ माझ्या हातात दिला. ‘तूच बोल, मी बाजूला बसलोय.’ भाडं कमी झालं नाही, पण डिपॉझिट दोन हप्त्यांत द्यायचं ठरलं. सामान टाकण्याआधी ओल आलेल्या भिंतीचे फोटो मालकांना पाठव, मीटरचं रीडिंग लिहून ठेव, रोख दिलेस तर पावती घेतल्याशिवाय उठू नकोस, हे तुम्ही अक्षरशः घोकून घेतलंत. रीडिंग तर पहिल्याच बिलाला कामी आलं. आधीच्या भाडेकरूची थकबाकी माझ्या गळ्यात पडत होती.

एक तक्रार आहे. तुमचा फोन कधी पटकन लागत नाही. ज्याला रात्रीची सोय हवी आहे तो किती वेळ वाट बघणार? फोनवर बसायला माणूस कमी पडत असेल तर संध्याकाळी मी मोकळा असतो. नुसतं कळवा.

तुमचाच,
एक भाडेकरू